वाळुंज अपडेट: मादी सापडली, पण रोपं टिकेनात

राजेहो, मादी सापडली! वाळुंज म्हणजे पाणथळ काठावरचं झाड, त्याची नर अन् मादी झाडं वेगवेगळी. आपल्या नाल्यावर आतापर्यंत दिसले ते सगळे वाळुंज नर, पिवळ्या लोंब्या अन् नुसते पराग. यावेळी वरच्या डोहाजवळ करंजाच्या गर्दीत एक झाड दिसलं, लेन्स लावला तं हिरवी बोंडं, काही उकललेली अन् त्यातून पांढरा कापूस निघतोय. एवढा आनंद झाला की ट्रान्सेक्ट (ठरलेल्या रेषेवरची झाडांची मोजणी) तिथंच सोडला, अर्जुन-जांभळाचे जीबीएच, म्हणजे छातीच्या उंचीवरचे बुंध्याचे घेर, पुढच्या वेळी टाकतो.

आता मूळ दुखणं. वाळुंजाचं बी साठवून चालत नाही, काही दिवसांतच मरते, म्हणून त्याच संध्याकाळी नाल्याच्या ओल्या गाळावर पसरलं अन् लगेच हिरवे ठिपके! पण मग सकाळी उभी असलेली रोपं दुपारी आडवी. मर रोग (बुरशीनं रोपं कोलमडतात तो) समजून ट्रायकोडर्मा ही रोगाची बुरशी दाबणारी मित्रबुरशी दिली, फरक शून्य. कोकोपीटवर (नारळाच्या काथ्याचा भुसा) पेरलेली तं आणखी लवकर गेली, ते विकतचं कोकोपीट धुतल्याशिवाय वापरूच नका, खारट असते. शेवटी मेलेली रोपं उपटून पाहिली, खोडावर डाग नाही, मूळ पांढरं स्वच्छ, फक्त आखूड, अन् वरचा गाळ कोरडा. म्हणजे पाणी मुळाच्या आधी खाली पळते.

पॉप्लर वाळुंजाच्याच कुळातला, त्याच्यावर महोनी अन् रूड या संशोधकांनी १९९८ मध्ये हेच मांडलं: काठाचं पाणी दिवसाला साधारण २.५ सेंमीपर्यंत उतरलं तं रोपाचं मूळ त्याचा पाठलाग करू शकते, त्याहून जलद उतरलं की संपलं. आपल्याकडं ऐन बी पडायच्या दिवसांत हरभरा, गहू, संत्र्यासाठी डोहात मोटारी लागतात. माझा पक्का संशय तिथंच आहे, जिथं तिथं मोकळा गाळ दिसतो पण पोर वाळुंज एकही नाही. बेशरम अन् रायमुनिया या झुडपांच्या दाटीला दोष देता येईल, पण ती सगळीकडं नाही ना.

कलमं लावणार होतो, सोपी आहेत, पण एकाच मादीच्या फांद्या म्हणजे सगळी एकसारखीच झाडं, म्हणून बियाणंच. अन् हे टाइप करतानाच सुचलं, ट्रे कशाला? तेलाच्या पिप्यात गाळ भरलेले पीव्हीसी पाइपचे तुकडे उभे करायचे, खाली ठिबकचा कॉक, एका पिप्यातलं पाणी रोज १ सेंमी, दुसऱ्यातलं २.५, तिसऱ्यातलं ५ उतरवायचं. डोहात खुणा केलेली काठी रोवून खरा उतारही मोजतो, फोटो रोज एकाच वेळी.

मेळघाटातल्या सिपना, गाडगा, खापरा नद्यांवर कुठंही गुडघ्याएवढं वाळुंज दिसलं तं जागा अन् महिना नक्की कळवा, अन् जवळ मोटार आहे का तेही.