हलवायाच्या घरावर तुळशीपत्र

माझ्या आजोळी, गोव्यात पेडण्यातल्या आगरवाड्याला, मिठागरं अजून तग धरून आहेत. पाऊस सरला की बांध लिंपायचे, वाफ्यांतला चिखल पायांनी तुडवून तुडवून घट्ट करायचा आणि मानशीतून, म्हणजे बांधातल्या झडपेतून, भरतीचं पाणी आत घ्यायचं. मग ते एका वाफ्यातून दुसऱ्यात फिरवत राहायचं. उन्हं तापली की वर पातळ पापुद्रा धरतो. खाली दाणा बसला की फळीनं ओढून बांधावर रास करायची. मीठ करडंच निघतं. पाकिटातल्या मिठाची सवय झालेल्यांना ते आवडत नाही. माझं लोणचं त्याच्याशिवाय होत नाही.

या मिठावर बारा वर्षं इंग्रजांची सत्ता होती. गोवा पोर्तुगालचा, आगरं आमची, आणि मीठ किती पिकवायचं, त्यावर कर किती बसवायचा हे ठरवणार इंग्रज. २६ डिसेंबर १८७८ चा करार हा. ब्रिटिश हिंदुस्थानात मिठावर जबर कर होता आणि गोव्याचं स्वस्त मीठ उघड नाहीतर चोरून घाटावर चढत होतं. ते थांबवायचं म्हणून इंग्रजांनी पोर्तुगीज सरकारला वर्षाला चार लाख रुपये देऊ केले. शिवाय मुरगावचं बंदर आणि तिथून कॅसलरॉकपर्यंतची रेल्वे याच करारातून आली. गाडी १८८८ मध्ये सुरू झाली. करार १८९२ मध्ये संपला, पुन्हा झाला नाही. तोवर कितीतरी आगरं ओस पडली होती. आगरवाल्याला त्या चार लाखांतलं काय मिळालं, हे विचारायची सोय नव्हती.

मी वास्कोला क्लिअरिंग एजंटाच्या ऑफिसात नोकरी करतो. म्हणजे ज्या करारानं आजोळची आगरं बसवली, त्याच करारातल्या हार्बरवर माझं पोट चालतं. तेव्हा फार तावातावानं बोलायचा मला अधिकार नाही, हे मान्य. तरी परवा दहावीतला भाचा पहिल्या महायुद्धाचा धडा घेऊन बसला आणि म्हणाला, "मामा, एका राजपुत्राला गोळी घातली म्हणून सगळं जग लढलं?" तेव्हा ती गोळी जिथं सुटली त्या बोस्नियातल्या सारायेव्होऐवजी मी त्याला आगरवाड्यापासून सांगायला घेतलं. बहिणीनं कपाळाला हात लावला.

गंमत बघा, त्याच १८७८ च्या जुलैत बर्लिनला युरोपातल्या मोठ्या सत्ता बसल्या आणि तुर्कांचा बोस्निया कारभारासाठी ऑस्ट्रिया-हंगेरीच्या हवाली केला. तुर्की सुलतानाकडून सायप्रसचा कारभार त्याच वर्षी इंग्रजांनी घेतला. मोठ्यांची चढाओढ होती, पण हातघाईवर येत नव्हती, कारण तडजोडीची किंमत नेहमी तिसराच कुणीतरी भरत होता. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवायला पैसे कुठं पडतात?

पोर्तुगाल या खेळात मजेशीर ठिकाणी होता: आमच्यापुढं मालक आणि इंग्रजांपुढं कूळ. नेपोलियनच्या काळात फ्रेंचांची भीती म्हणून १७९९ ते १८१३ गोव्यात इंग्रजांची फौज येऊन राहिली होती. दोना पावलाला राजभवनाच्या अलीकडं त्यांचं कबरस्तान आहे. तर या पोर्तुगालनं आफ्रिकेत अंगोलापासून मोझांबिकपर्यंतचा पट्टा नकाशावर गुलाबी रंगवून आपला म्हटला. इंग्रजांना दक्षिणोत्तर सलग मुलूख हवा होता. ११ जानेवारी १८९० ला लंडनहून निर्वाणीचा खलिता आला: शिरे नदीच्या भागातून सैन्य मागं घ्या. लिस्बननं मान तुकवली. लोक खवळले, राजघराण्याची पत गेली, पुढच्याच वर्षी पोर्तो शहरात बंड झालं, १९०८ मध्ये राजाचा खून झाला आणि १९१० मध्ये राजेशाही गेली. खलित्याच्या संतापातून निघालेलं गाणं प्रजासत्ताकानं राष्ट्रगीत केलं. माझे वडील पोर्तुगीज शाळेत असताना रोज ते गायचे. इंग्रजांवरचा राग, आफ्रिकेतल्या जमिनीसाठी, आणि गाणारी पोरं पेडण्याची!

त्याहून कळस पुढं. पोर्तुगाल कर्जात बुडालेला पाहून ३० ऑगस्ट १८९८ ला इंग्लंड आणि जर्मनीनं गुपचूप ठरवून टाकलं, की याला कर्ज देऊ, आणि फेडता आलं नाही तर मोझांबिक, अंगोला आणि तिमोर आपसांत वाटून घेऊ. वर्षभरानं दक्षिण आफ्रिकेत बोअर युद्ध पेटलं, इंग्रजांना पोर्तुगालची गरज पडली आणि त्यांनी त्याच वसाहती राखायचं वचन पोर्तुगालला दिलं! १९१३ मध्ये जर्मनीशी वाटणीची बोलणी पुन्हा झाली. महायुद्धाच्या जेमतेम वर्षभर आधी ज्यांची आरमारं ईर्ष्येला पेटली होती, तेच दोघं दुसऱ्याच्या जमिनीवर शांतपणे रेघा मारत होते.

म्हणून मला वाटतं, नुसत्या वसाहतींच्या भांडणातून युद्ध झालं म्हणणं अपुरं आहे. ती भांडणं मिटत होती. १९११ मध्ये मोरोक्कोवरून फ्रान्स-जर्मनीची जुंपली, तेव्हा फ्रेंच काँगोतला तुकडा जर्मनीला देऊन प्रकरण थंड केलं. काँगोतल्या माणसांना कोण विचारतो? पण बाल्कनमध्ये ही युक्ती संपली. १९०८ मध्ये ऑस्ट्रियानं बोस्निया कायमचा गिळला, १९१२-१३ च्या युद्धांत तुर्कांचा युरोपातला मुलूख बहुतेक गेला. आता सर्बिया आणि ऑस्ट्रिया समोरासमोर, पाठीशी रशिया आणि जर्मनी, आणि द्यायला तिसऱ्याचं काही उरलं नाही. २८ जून १९१४ ची गोळी तिथं लागली.

हार्बरवर हे युद्ध जहाजांच्या रूपानं आलं. १९१४ मध्ये काही जर्मन जहाजं तटस्थ बंदर म्हणून मुरगावला आसऱ्याला थांबली. इंग्रजांना जहाजांची चणचण, तेव्हा त्यांच्या मागणीवरून पोर्तुगालनं फेब्रुवारी १९१६ मध्ये आपल्या बंदरांतली जर्मन जहाजं ताब्यात घ्यायला सुरुवात केली. ९ मार्चला जर्मनीनं युद्ध पुकारलं. (सत्तावीस वर्षांनी, ९ मार्च १९४३ च्याच रात्री, कलकत्त्याहून आलेल्या इंग्रजांनी मुरगावात एरेनफेल्स या जर्मन जहाजावर छापा घातला. तो किस्सा पुन्हा कधीतरी.)

भाच्यानं शेवटी विचारलं, पोर्तुगाल जिंकणाऱ्यांत होता, मग त्याला मिळालं काय? पूर्व आफ्रिकेत, रोव्हुमा नदीच्या मुखाजवळचा कियोंगा नावाचा तिकोनी तुकडा. तोही त्यानं १९१६ मध्येच जर्मनांकडून घेतला होता, युद्धानंतरच्या तहानं फक्त शिक्का मारला. तिथल्या माणसांना कालपर्यंत जर्मन कर भरावा लागे, तो आता पोर्तुगीज झाला.