वाटीनं मोजलेला महिना

गेल्या दिवाळीनंतर ह्यांच्या फौंड्रीतला ओव्हरटाइम बंद झाला आणि घरात येणारे पैसे महिन्याला पाच हजारांनी कमी झाले. आम्ही पाच माणसं: आम्ही दोघं, दोन पोरं आणि आत्ती, म्हणजे माझ्या सासूबाई. किराणा, भाजी, मटण-अंडी मिळून साडेअकरा हजार जायचे, दूध वेगळं. ते आठ हजारांत बसवायचं मी ठरवलं. रेशनचा आधार नव्हता. आमचं कार्ड केशरी, पण शहरात वर्षाचं उत्पन्न 59 हजारांच्या आत असेल तरच त्या धान्याच्या यादीत नाव लागतं.

पहिल्यांदा मी आठवड्याचा तक्ता करून फ्रिजवर लावला. सोमवारी भेंडी, बुधवारी गवार, असा. डिसेंबर सुरू होता. कोल्हापुरातल्या कपिलतीर्थ मंडईत गवारीला हात लावायची सोय नव्हती, आणि शेजारीच मेथी-पालकाच्या जुड्यांचे ढीग पडलेले. थंडीत पालेभाजी स्वस्त असते हे लहानपणापासून माहीत असून मी तक्त्यात लिहिलंय म्हणून पाव किलो गवार घेऊन आले. दहा दिवसांत तक्ता काढून टाकला.

मग महिनाभर काहीच न बदलता नुसतं लिहून ठेवलं. कोण, कधी, काय आणायला गेलं. महिन्यात कोपऱ्यावरच्या दुकानात 41 फेऱ्या झाल्या होत्या! चहाची दहाची पुडी, पाव किलो साखर, शंभर ग्रॅम शेंगदाणे, आणि दर फेरीला पोराच्या हातात एक बिस्किटचा पुडा. या सुट्ट्या सामानातच अडीच हजार गेले होते. मला वाटत होतं की खर्च भाजीवर होतोय.

यादी करायला बसले तेव्हा आत्ती म्हणाल्या, "आठवून लिहू नकोस. डबं उघड आणि वाटीनं मोज." आमची आमटीची स्टीलची वाटी त्यांच्या लग्नातली, काठ जरा चेपलेला. ती घेऊन मी दुकानात गेले आणि काट्यावर तूरडाळ भरून बघितली: 140 ग्रॅम. पाच जणांच्या आमटीला एक वाटी पुरते. मी मात्र मुठीनं टाकत होते आणि महिन्याला सहा किलो आणत होते. उरलेली आमटी सकाळी टाकली जायची. आता आठवड्यातले चार दिवस तुरीची आमटी, म्हणजे महिन्याला अडीच किलो डाळ. बाकी तीन दिवस मटकी, काळा वरणा, हुलगे. वाटीभर मटकी भिजवून फडक्यात बांधली की मोड येऊन अडीच-तीन वाट्या होते. हुलगे शिजवले की वरच्या पाण्याचं कढण आणि खालच्यांची उसळ, दोन पदार्थ एकाच शिजवणीत. नव्या तक्त्यात आता फक्त ही कडधान्यं लिहिलेली असतात. भाजीची जागा मी मोकळी सोडते. ती मंडईत गेल्यावर भरते.

कोरडा बाजार महिन्यातून एकदा, लक्ष्मीपुरीत. तेलाच्या पिशवीवर मी आता ग्रॅम वाचते. लिटरभर तेल साधारण 910 ग्रॅम भरतं, आणि तेवढ्याच दिसणाऱ्या काही पिशव्यांत त्याहून कमी असतं. ज्वारी स्वस्त पडेल म्हणून दोन्ही वेळा भाकरी करायचं मनात होतं, पण चांगला शाळू गव्हापेक्षा महाग निघाला. म्हणून भाकरी रात्रीचीच.

सगळ्यात अवघड होतं मटण. दर रविवारी मटण हा आमच्या घरचा नेम, आणि पोरं त्याचीच वाट बघतात. ते बंद करायला माझं मन धजलं नाही. आता एका रविवारी अर्धा किलो मटण, अळणी (मटण शिजवलेलं बिनतिखटाचं पाणी) काढून तांबडा-पांढरा दोन्ही रस्से, आणि पुढच्या रविवारी अंड्याचा रस्सा. थोरल्यानं पहिल्या अंड्याच्या रविवारी ताटावरून उठायचं निमित्त शोधलं. मला फार लागलं ते. तिसऱ्या खेपेला त्यानंच विचारलं, "आज अंडी का मटण?"

आठ हजार अजून जमलेले नाहीत. आठ हजार तीनशे-चारशेला येऊन थांबते. पण त्यातलेच चारशे मी दर महिन्याला वेगळे काढते, उन्हाळ्यातल्या चटणीसाठी. वर्षाची कांदा-लसूण चटणी एकदम होते आणि त्या एका महिन्यात सगळा हिशोब कोलमडतो. गेल्या वर्षी मी बहिणीकडून उसने घेतले होते. यंदा एप्रिलमध्ये डब्यात साठवलेले पैसे होते. ब्याडगी रंगाला, संकेश्वरी तिखटाला, अशा दोन किलो मिरच्या रोख घेतल्या, धणे-खोबरं घेतलं आणि डंकावर कुटून आणलं. आत्तींनी बरणीत तळाला आणि वर हिंगाचे खडे ठेवले, चटणी हातानं दाबून बसवली आणि फडकं बांधलं.