जर्मनीला जायचे तीन रस्ते आणि दाभोळची जन्मनोंद

लग्न करायचं ठरलं तेव्हाच जर्मनीला जायचं हेही ठरल्यासारखं होतं. माझा होणारा नवरा जर्मन. त्याची आई तिकडे एकटी आहे, तब्येतीने थकलेली, आणि तो एकुलता एक. मी चिपळूणला एका रुग्णालयात नर्स, तो लोटे परशुराम एमआयडीसीतल्या एका कारखान्यात यंत्रं बसवायला आलेला. ओळख कशी झाली, घरचे कसे तयार झाले हा वेगळा विषय. इथे फक्त व्हिसाबद्दल लिहिते, कारण आमच्या गुहागर-दापोलीकडे याबाबत विचारायला जवळ कोणी नसतं. जे भेटतात ते एकच सांगतात, "अमुक व्हिसा कर, लवकर होतो."

लवकर कोणता होतो हे विचारणं मी पुढे सोडून दिलं. माझ्या हातात कोणते कागद आहेत आणि उद्या कोणी गावात येऊन ते तपासले तर टिकतील का, हे आधी पाहिलं. रस्ता त्यावरून ठरला.

सरळ रस्ते तीन होते. लग्नाचा व्हिसा घेऊन जायचं आणि तिकडे लग्न करायचं, हा एक. इथे लग्न करून जर्मन नागरिकाची बायको म्हणून जायचं, हा दुसरा. तिसरा म्हणजे लग्नाचा संबंधच न लावता नर्स म्हणून स्वतःच्या पायावर जायचं. चौथा एक ओळखीच्या एजंटने सुचवला होता: टूरिस्ट व्हिसावर जा, डेन्मार्कला जाऊन लग्न उरका, मग जर्मनीतच राहा. डेन्मार्कमध्ये परदेशी जोडप्यांची लग्नं कमी कागदांत होतात आणि ती जर्मनीत ग्राह्यही धरली जातात, एवढं खरं आहे. पण हा टूरिस्ट व्हिसा, म्हणजे शेंगेन व्हिसा, १८० दिवसांत ९० दिवस फिरण्यासाठी असतो. कायमचं राहायच्या इराद्याने तो घेतला तर अर्जातच खोटं कारण लिहावं लागतं, आणि तिकडचं कार्यालय "योग्य व्हिसा घेऊन या" म्हणून परत धाडू शकतं. जिथे आयुष्य काढायचं त्या देशाशी पहिलाच व्यवहार खोटा करायचा, हे मला पटलं नाही. तो रस्ता त्याच दिवशी सोडला.

बाबांना तिसरा रस्ता आवडला होता. जर्मनीला नर्स हव्यात, २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी करारही केला, हे त्यांनी पेपरात वाचलं होतं. त्यांचं म्हणणं एका वाक्याचं होतं: "उद्या तुमचं काही बिनसलं, तर तिथे तुझं काय?" हा प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही, आणि ज्या मुली या वाटेने जाणार आहेत त्यांनी तो आपणहून विचारावा. जर्मन कायद्यात बायको म्हणून मिळालेला राहण्याचा परवाना सुरुवातीला लग्नावर अवलंबून असतो. तिथे तीन वर्षं एकत्र संसार झाला की वेगळं झाल्यावरही स्वतंत्र हक्क मिळतो. त्याआधी तो मिळतो तो मारहाणीसारख्या अपवादात. बाबांना हे जसंच्या तसं सांगितलं, काही लपवलं नाही.

पण नर्सच्या रस्त्यात माझी अडचण कागदांची होती. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं तेव्हा माझी तळमजल्यावरची भाड्याची खोली पूर्ण बुडाली. मी ड्युटीवर होते. कपाटाच्या खालच्या खणात कागदांची फाईल होती. लॅमिनेट केलेल्या गुणपत्रिकांत कडेने पाणी शिरून कागद प्लास्टिकला चिकटला होता आणि गोल शिक्क्याची शाई सहीवर पसरली होती. शाळा सोडल्याचा दाखला उलगडताना हातातच फाटला. जर्मनीत नर्सिंगच्या शिक्षणाला मान्यता हवी तर प्रत्येक वर्षाची गुणपत्रिका, कोणत्या विषयाचे किती तास, वॉर्डात किती तास, कौन्सिलची नोंदणी, सगळं लागतं. शिवाय नर्सच्या परवान्यासाठी बहुतेक ठिकाणी जर्मन भाषा बी२ पातळीपर्यंत यावी लागते. दुय्यम प्रती मिळतात, पण त्यांच्या वेळाने. तोवर लग्न आणि त्याची आई दोन्ही ताटकळत ठेवणं मला जमणार नव्हतं. ऑपॉर्च्युनिटी कार्डही वाचून पाहिलं. जून २०२४ पासून ते सुरू झालंय, गुणांवर मिळतं, पण ते वर्षभर राहून नोकरी शोधण्यासाठी आहे आणि त्यावर आठवड्याला २० तासच अर्धवेळ काम करता येतं. माझ्या कामाचं नव्हतं.

बायकोच्या व्हिसावर मात्र पहिल्या दिवसापासून कोणतंही काम करण्याची मुभा असते. म्हणजे नर्सिंगच्या मान्यतेचा अर्ज तिथे राहूनही करता येतो. हे कळल्यावर बाबांच्या प्रश्नाचंही उत्तर मिळालं: जायचं बायको म्हणून, आणि पोचल्यावर स्वतःच्या शिक्षणाचं काम लगेच हातात घ्यायचं. "मग ठीक आहे," असं बाबा म्हणाले खरे, पण दुय्यम गुणपत्रिकांचा अर्ज आधी भरायचा या अटीवर.

उरले पहिले दोन. तिकडे लग्न करायचं तर मी अविवाहित असल्याचे कागद, जन्मदाखला, सगळं तिथल्या श्टांडेसआम्टकडे, म्हणजे विवाह नोंदणी कार्यालयाकडे जातं. भारतात "हिला लग्नाला अडचण नाही" असा त्यांच्या पद्धतीचा दाखला देत नाहीत, म्हणून त्यातून सूट घ्यायला फाईल वरिष्ठ न्यायालयाच्या अध्यक्षांकडे जाते. सूट मिळाली की सहा महिन्यांत लग्न व्हायला हवं, आणि त्याच सहा महिन्यांत माझा व्हिसाही. एक कागद लांबला की दुसऱ्याची मुदत संपायची. शिवाय आजीला लग्न बघता आलं नसतं. तिने घराबाहेरचा प्रवास थांबवून बरीच वर्षं झाली.

म्हणून दुसरा रस्ता. गुहागरात लग्न, मग व्हिसा.

त्यातही पहिली पायरी माझा जन्मदाखलाच होता. विशेष विवाह कायद्याने परदेशी माणसाशी लग्न करायचं तर त्याच्या देशाकडून तो विवाहास पात्र असल्याचा दाखला आणावा लागतो. तो दाखला देण्याआधी त्याचं श्टांडेसआम्ट होणाऱ्या बायकोचेही कागद मागतं. माझा जन्म आजोळचा, दाभोळचा. खाडीच्या अलीकडे धोपावे आमच्या गुहागर तालुक्यात, पलीकडे दाभोळ दापोली तालुक्यात, मध्ये फेरीबोट. मामाने ग्रामपंचायतीतून उतारा आणला तर त्यात नावाचा रकाना कोरा. नुसतं "मुलगी". आजोबांनी नोंद केली तेव्हा बारसं झालेलं नव्हतं, पुढे कोणाला आठवलं नाही. वर बाबांचं आडनाव जुनं लिहिलेलं, जे आमच्या सातबाऱ्यावर आहे. शाळेत आणि पासपोर्टवर गावावरून पडलेलं आडनाव. कोकणात हे घरोघरी आहे, आणि एरवी त्याने कोणाचं काही अडत नाही.

१९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात नाव घालण्याची सोय आहे. त्याची १५ वर्षांची मुदत माझ्या बाबतीत कधीच उलटली होती, पण शासनाने जुन्या नोंदींसाठी ती वाढवून दिली होती, तिचा उपयोग झाला. पुरावा म्हणून शाळा सोडल्याचा दाखला हवा, आणि तो पुरात गेलेला. शाळेत मात्र जनरल रजिस्टर शाबूत होतं. मुख्याध्यापकांनी त्यावरून दुय्यम दाखला दिला. आडनावासाठी प्रतिज्ञापत्र, ओळखणाऱ्या दोघांचे जबाब, बाबांचे दोन्ही आडनावांचे कागद. ग्रामसेवकांनी नोंदीच्या शेऱ्यात दुरुस्ती घेतली आणि नवा दाखला मराठी-इंग्रजीत मिळाला. मामा त्यासाठी किती वेळा खाली-वर झाला याची गणतीच नाही.

ही दुरुस्ती आधी केली याचं महत्त्व पुढच्या टप्प्यात समजलं. आपल्याकडे कागद खरा असल्याचा परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टिल शिक्का मिळतो आणि बऱ्याच देशांत तो चालतो. जर्मनीने मात्र भारताच्या अपोस्टिलला आक्षेप घेतलेला आहे, त्यामुळे तिथे तो शिक्का मानत नाहीत. त्याऐवजी तिथलं कार्यालय हवं तेव्हा दूतावासामार्फत कागदांची प्रत्यक्ष पडताळणी करून घेतं. खर्च आपला. दूतावासाने नेमलेल्या वकिलाचा माणूस जिथून दाखला निघाला तिथे जातो, मूळ वही बघतो, शेजारीपाजारी विचारतो. प्रत्येकाची होतेच असं नाही. आमच्या श्टांडेसआम्टने मागितली.

तो माणूस दाभोळला गेला, मग आमच्या वाडीत आला. शेजारच्या काकूंना विचारलं, ही कोणाची मुलगी, लग्न झालंय का, कुठे काम करते, भावंडं किती. काकूंनी त्याला आधी कोकम सरबत दिलं आणि मग माझ्या जन्मापासूनचं सगळं सांगितलं. नंतर मला हाक मारून म्हणाल्या, "अगं, दोन आडनावांचं विचारत होता. मी सांगितलं, दोन्ही त्यांचीच." वहीत दुरुस्तीचा शेरा होता, काकूंचं उत्तर त्याला जुळलं. शेरा नसता तर माझ्या पासपोर्टवरच्या नावाची मुलगी दाभोळच्या वहीत सापडलीच नसती.

विवाहास पात्र असल्याचा दाखला मिळाल्यावर माझा होणारा नवरा भारतात आला. विवाह अधिकाऱ्यांकडे नोटीस द्यायची तर दोघांपैकी एकाचं त्या जिल्ह्यात आधीचे किमान ३० दिवस वास्तव्य हवं. ते माझं होतंच. नोटीस फलकावर लागते, ३० दिवस हरकतीसाठी थांबायचं, मग तीन साक्षीदारांसमोर लग्न. मधल्या काळात गणपती होते, त्यामुळे त्याला थांबणं जड गेलं नाही. आजीने घरच्या घरी अक्षता टाकल्या. विवाह प्रमाणपत्राच्या जास्तीच्या प्रती तेव्हाच काढून घेतल्या. आणि नाव बदललं नाही. सासरचं नाव लावायचं की नाही हे कधीही ठरवता येतं, पण इतक्या खटपटीने सगळे कागद एका नावावर आणल्यावर पासपोर्ट बदलायला मी तयार नव्हते.

जर्मन भाषेच्या ए१ या पहिल्या पातळीचं प्रमाणपत्र बायकोच्या व्हिसाला लागतं. गुहागरात वर्ग नाही. रात्रपाळी संपली की ऑनलाइन शिकवणीला बसायचे, परीक्षा पुण्याच्या मॅक्स म्युलर भवनात, म्हणजे जर्मन भाषेच्या संस्थेत दिली. ऐकणं, वाचणं, लिहिणं आणि गटात बोलणं, १०० पैकी ६० गुण हवेत. बोलण्याच्या भागात स्वतःची ओळख करून द्यायची, नावाचं स्पेलिंग सांगायचं, फोन नंबर सांगायचा, मग चिठ्ठी उचलून त्यावरच्या शब्दावरून शेजारच्या परीक्षार्थीला प्रश्न विचारायचा. माझ्या चिठ्ठीवर मासे होते. "तुम्ही मासे खाता का?" एवढंच विचारायचं होतं. समोरचा मुलगा नागपूरचा, म्हणाला नाही खात. ऐकण्याचा भाग सगळ्यांत अवघड, स्टेशनवरच्या घोषणा असतात. त्यासाठी रोज थोडं थोडं ऐकणं हाच उपाय.

व्हिसाचा अर्ज त्यामानाने शांतपणे झाला. अर्ज ऑनलाइन, मग मुंबईत व्हीएफएस या व्हिसाचे अर्ज स्वीकारणाऱ्या कंपनीच्या केंद्रात कागद आणि बोटांचे ठसे. चिपळूणहून जनशताब्दीने गेले. जर्मन नागरिकाच्या बायकोला या व्हिसाची फी पडत नाही. होणारी बायको म्हणून गेले असते तर ७५ युरो भरावे लागले असते. नवऱ्याच्या उत्पन्नाची अटही जर्मन नागरिकाच्या जोडीदाराला सहसा लावत नाहीत, तरी त्याने पगाराची पत्रकं आणि घराचा करार जोडला होता. फाईल मुंबईहून त्याच्या गावच्या परदेशी नागरिक कार्यालयाकडे जाते, त्यांची संमती आली की व्हिसा लागतो. पडताळणी आधीच झालेली असल्यामुळे त्यांनी माझ्या कागदांबद्दल काही विचारलं नाही.

बाबांचा आणखी एक प्रश्न होता, तो बाकीच्यांच्याही घरी निघेल म्हणून लिहिते. आमची आंब्याची कलमं आहेत. मुलगी परदेशी गेली तर तिचा हक्क जातो का? जात नाही. परदेशात राहणाऱ्या भारतीयाला शेतजमीन विकत घेता येत नाही, वारशाने मात्र मिळते. जर्मनीने जून २०२४ पासून दुहेरी नागरिकत्व मान्य केलं आहे, पण भारत ते मानत नाही. तिकडचं नागरिकत्व घेतलं की इकडचं जातं. सध्या मला ते घ्यायचं नाही. तीन वर्षांनी बी१ जर्मन आणि बाकी अटी पुऱ्या झाल्या की कायमच्या वास्तव्याचा परवाना मागता येतो. मला तेवढा पुरे आहे.

पासपोर्टवर व्हिसा लागून आला आहे. पोचल्यावर आधी पत्त्याची नोंदणी, मग वास्तव्याचं कार्ड, मग इंटिग्रेशन कोर्स: ६०० तास भाषेचे, १०० तास तिथला कायदा, इतिहास आणि समाज यांचे. नर्सिंगच्या दुय्यम गुणपत्रिका अजून आलेल्या नाहीत. त्या घेण्यासाठी बाबांच्या नावाने अधिकारपत्र करून ठेवलं आहे. मिळाल्या की ते पाठवणार, आणि मी तिथल्या मान्यता कार्यालयात अर्ज देणार.