मर्कल, वय १९

आज सुट्टी म्हणून सकाळपासून न्यूयॉर्क जायंट्स या अमेरिकन बेसबॉल टीमचा १९०८चा सीझन वाचत बसलो आणि खरंच सांगतो, जेवण गोड लागलं नाही. २३ सप्टेंबर, पोलो ग्राउंड्स, समोर शिकागो कब्स, १-१, शेवटची इनिंग, दोन आउट. जायंट्सच्या ब्रिडवेलने फटका मारला, तिसऱ्या बेसवरचा गडी होमला पोचला म्हणजे धाव झाली, जिंकलो म्हणून पब्लिक मैदानात घुसली आणि पहिल्या बेसवरून निघालेला १९ वर्षांचा फ्रेड मर्कल दुसऱ्या बेसला पाय न लावताच वळला. तेव्हा सर्रास असंच करायचे हो! पण नियमाने त्याने दुसरा बेस गाठायलाच हवा होता. कब्सच्या एव्हर्सने बॉल मागवून घेऊन दुसऱ्या बेसला पाय लावला, अंपायरने मर्कलला आउट दिलं, तो तिसरा आउट, म्हणून ती धाव धरली नाही आणि मॅच टाय. सीझनअखेर दोन्ही टीम बरोबरीत, म्हणून ८ ऑक्टोबरला परत खेळले, जायंट्स ४-२ने हरले. पोराला 'बोनहेड' म्हणजे बिनडोक हे नाव जन्मभर चिकटलं. मॅनेजर मॅकग्रॉ मात्र त्याच्या पाठीशी उभा राहिला, हे वाचून फार बरं वाटलं.

संध्याकाळी सोसायटीच्या मॅचमध्ये भाच्याने कॅच सोडला, सगळे त्याच्यावर ओरडले, तो बूट काढून जिन्यात बसला. मी शेजारी बसून त्याला हे सगळं सांगितलं.

"मामा, मग तो परत खेळला?"

हो रे राजा, १९२६पर्यंत.