तुम्ही विचारलंत म्हणून: ट्रॉल्या ढकलण्याचे वेगळे पैसे कशाला?

बाहेर ट्रॉल्या ढकलणाऱ्यांना पगारावर वेगळा भत्ता हवा, असं मी म्हणते. त्यावर हा प्रश्न मला गिऱ्हाइकांनी विचारलाय, धाकट्या दिरांनी विचारलाय आणि सगळ्यात जास्त आमच्याच सुपरमार्केटमधल्या कॅश काउंटरवरच्या बायकांनी. "अगं, पगार सगळ्यांना सारखाच. आम्ही बिलं करतो, तू ट्रॉल्या ढकलतेस. तुला जास्तीचे कशाला?" इतके दिवस हसून विषय बदलत आले. आता हसू येत नाही, म्हणून एकदाचं लिहून टाकते.

काम काय ते तुम्ही रोज बघता: गिऱ्हाइकांनी पार्किंगमध्ये सोडलेल्या ट्रॉल्या गोळा करून रांगेने दुकानाच्या दारापर्यंत आणायच्या. बघून कळत नाही ते वजन. मोठी ट्रॉली रिकामी असली तरी पंचवीसेक किलो भरते. दहा ट्रॉल्या एकात एक सरकवल्या की पाव टन लोखंड हातात येतं आणि त्याला ब्रेक नसतो. रांग हलवायला ताकद लागते हे सगळ्यांना दिसतं, खरी कसोटी ती थांबवताना. उतारावर तिला पुढून धरायचं की मागून, चाक अडकणारी ट्रॉली रांगेत कुठे घालायची, हे कुणी शिकवत नाही. ती पुढे राहिली तर अख्खी रांग एका बाजूला खेचते, नेमकी कुणाच्या तरी नव्या गाडीच्या दारावर. ओरखडा पडला की मात्र आमचं काम एकदम कौशल्याचं होतं. "नीट येत नाही तर करता कशाला?" असं ऐकवतात.

एक गंमत सांगते. 1937 साली ओक्लाहोमा सिटीत सिल्वन गोल्डमन नावाच्या दुकानदाराने ट्रॉली आणली तेव्हा गिऱ्हाईकं तिला हात लावेनात. मग त्याने पैसे देऊन माणसं ठेवली, गिऱ्हाईक असल्यासारखं दुकानात ट्रॉल्या ढकलत फिरायला. म्हणजे नुसती ट्रॉली ढकलण्याचे पैसे द्यायचे असतात हे दुकानदारांना तेव्हाच पटलं होतं. फक्त ती माणसं आत होती, सावलीत.

दीर म्हणतात, "वहिनी, ज्या कामाला शिक्षण लागत नाही त्याला बाजार जास्त देत नाही." त्यांना मी ब्रिटनमधल्या अ‍ॅस्डा या सुपरमार्केट साखळीचा खटला सांगते. दुकानात काम करणाऱ्यांत बायका जास्त, गोदामात पुरुष जास्त, आणि पगार गोदामात जास्त. दुकानातल्यांना आपल्या पगाराची तुलना गोदामाशी करता येईल, असं तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये सांगितलं. पगारवाढ दिली नाही, नुसती तुलनेची मुभा दिली. पण दोन वेगळ्या कामांचं मोल ताडून बघता येतं हे तरी मान्य झालं. ते ताडताना कौशल्य एकटंच धरत नाहीत; मेहनत, जबाबदारी आणि काम कुठल्या परिस्थितीत करावं लागतं हेही धरतात. माझं सगळं म्हणणं त्या शेवटच्या गोष्टीपुरतं आहे. काउंटरवरचं काम सोपं आहे असं मी कधीच म्हटलं नाही. मी तिथेही होते. पाय सुजतात, गिऱ्हाइकांची बोलणी खावी लागतात. पण तिथे डोक्यावर छप्पर असतं आणि टॉयलेट चार पावलांवर. बाहेरून जायचं तर सुपरवायझरला विचारून जायचं आणि "किती वेळा?" हे ऐकायचं. म्हणून आम्ही पाणीच कमी पितो, तेही भर उन्हात.

आता तो दिवस. लिहायचा नव्हता, पण तो वगळला तर माझा राग कुणाला कळणार नाही.

बातम्यांत जे तापमान सांगतात ते सावलीतलं असतं. हवा 35 अंशांवर असतानाच उन्हात तापलेलं डांबर साठीच्या पुढे जातं, आणि आम्ही उभे असतो त्या डांबरावर. त्या दिवशी एक नवा मुलगा आला होता. पहिलाच दिवस, पूर्ण शिफ्ट बाहेर. दुपारी त्याने मला विचारलं, "ताई, ही रांग कुठे न्यायची?" मी सांगितलं. थोड्या वेळाने पुन्हा तेच विचारलं. मी जरा वैतागूनच सांगितलं. तिसऱ्यांदा विचारायला आला तेव्हा त्याच्या हातात ट्रॉलीच नव्हती. ट्रॉल्या मागे सोडून तो नुसताच चालत आला होता. बोलताना जीभ जड झालेली, डोळे माझ्याकडे असून माझ्याकडे नव्हते. मी त्याला धरून माल उतरवायच्या शेडमध्ये नेलं, शर्टाची बटणं काढली, मानेवर, काखेत पाणी ओतत राहिले. वॉचमनने खोक्याचा पुठ्ठा फाडून वारा घातला आणि अॅम्ब्युलन्सला फोन केला. सुपरवायझर बाहेर आले, त्यांनी आधी पार्किंगकडे पाहिलं. "बाहेर ट्रॉल्या तशाच पडल्यात," म्हणाले. मग मुलाकडे पाहिलं.

मुलगा वाचला. पुन्हा कामावर आला नाही.

उन्हात काम करायची शरीराला हळूहळू सवय करावी लागते, हे मी नंतर वाचलं. निओश ही अमेरिकेतली कामगारांच्या आरोग्याचं बघणारी सरकारी संस्था. तिची शिफारस अशी की नव्या माणसाला पहिल्या दिवशी उन्हात नेहमीच्या वेळेच्या 20 टक्क्यांहून जास्त ठेवू नये, पुढे रोज फार तर 20 टक्क्यांनी वाढवावं. त्या मुलाकडून पहिल्याच दिवशी शंभर टक्के घेतले. वेळापत्रक बदलायला पैसा लागत नाही, हे मला जास्त छळतं.

महिन्याच्या मीटिंगमध्ये मॅनेजरनी मला पुढे बोलावलं. प्रसंगावधानाबद्दल प्रमाणपत्र, आमच्याच दुकानाचं कूपन आणि टाळ्या. खोटं कशाला बोलू, टाळ्या वाजत होत्या तेव्हा मला फार बरं वाटलं. त्याच आठवड्यात पगाराची स्लिप आली. शेडमध्ये त्या मुलापाशी बसले होते तेवढा वेळ 'कामावर नाही' म्हणून कापलेला. विचारलं तर म्हणाले, सिस्टममध्ये तसंच येतं. भांडल्यावर पैसे परत मिळाले. रक्कम किरकोळ होती. पण प्रमाणपत्रावर ज्यांची सही, हजेरीवरही त्यांचीच. तेव्हापासून "तुमच्या कष्टांचं आम्हाला कौतुक आहे" असं कुणी म्हटलं की मी आधी स्लिप बघते.

गिऱ्हाइकांच्या कौतुकाबद्दल माझी तक्रार नाही. फक्त "आम्ही ट्रॉली जागेवर लावली तर तुमची नोकरी जाईल" असं म्हणत ती दोन गाड्यांच्या मधे सोडून जाऊ नका. जागेवरून दारापर्यंत न्यायला मी आहेच.

आता आतल्या बायकांचा हुकमी मुद्दा: "बाहेरचं काम तूच मागून घेतलंस." घेतलं. आत दिवसभर तोच पांढरा उजेड, डोक्यावर कॅमेरा. बाहेर मोकळं वाटायचं. कुणी कीव केली तर मी चिडायचे, "मला आवडतं" म्हणायचे. त्या तेव्हाच्या मला आज विचारावंसं वाटतं, आवडतं म्हणून स्वस्तात करायचं हे कुणी ठरवलं? तीही गप्प बसणारी नव्हे. ती म्हणेल, भत्ता घेतलास की उन्हाबद्दल बोलायचं तोंड राहील का तुला? चक्कर आली तर म्हणतील, त्याचेच पैसे देतो ना! आणि भत्ता सुरू झाला की बाहेरची ड्यूटी साहेबांच्या मर्जीतल्यांना मिळेल, तू परत काउंटरवर. तिचं हे म्हणणं मला खोडता आलेलं नाही. सावली, पाणी आणि बसायची मोकळीक हे तर भत्ता असो-नसो मिळायलाच हवं. पण ते सगळं मिळूनही ऊन उरतं, पाऊस उरतो, उतारावरचं पाव टन उरतं. त्याचे पैसे नकोत असं मी का म्हणू?

आम्ही बाहेरच्या तिघी-चौघींनी मिळून अर्ज लिहायला घेतलाय. त्यात भत्त्याची ओळ वर घ्यायची की सावलीची, यावरून आमचं अजून जमत नाही. एकजण म्हणते, पैसे वर घाला, सावली मागितली की हे एक छत्री देऊन मोकळे होतील. छत्री धरून ट्रॉल्या ढकलायला हात कुठून आणायचा, हे त्यांना सुचणार नाही. मला सावली वर हवी. पण पगाराची तारीख जवळ आली की माझंही मत फिरतं.