मार्शलसाहेबांचं जेवणघर

परवा अमेरिकेत, व्हर्जिनियातल्या रिचमंडला जॉन मार्शल यांचं घर पाहून आले, आणि रॉबिन स्परलॉक काही डोक्यातून जात नाही.

मार्शल म्हणजे इथल्या सुप्रीम कोर्टाचे चौथे सरन्यायाधीश, 1801 ते 1835. घटनेत न बसणारा कायदा कोर्ट रद्द ठरवू शकतं, हे 1803 च्या मार्बरी खटल्यात त्यांनीच ठणकावलं. त्यांचं 1790 मध्ये पुरं झालेलं विटांचं घर 1907 मध्ये शहराने घेतलं ते शाळा बांधायला. पाडायचंच घाटत होतं. पण 1911 मध्ये ते वास्तू जपणाऱ्या, बायकांनी काढलेल्या संस्थेकडे आलं आणि वाचलं.

घर सुरेख राखलंय, पण मी अडकले जेवणघरात. मार्शल इथे शहरातल्या वकिलांना बोलवत, तीसेक माणसांची पंगत उठे. गाईडबाई त्याच दमात पुढे म्हणाल्या, की रॉबिन इथल्या उठबशीला राबे, आणि तो मार्शल यांच्या मालकीचा होता. आवाज न उतरवता, पांघरूण न घालता.

मग मृत्युपत्र. मार्शल यांनी लिहून ठेवलं होतं: रॉबिनला हवं असेल तर मुक्त करावं. लायबेरियाला, म्हणजे मुक्त झालेल्या गुलामांसाठी आफ्रिकेत वसवलेल्या वसाहतीत, गेला तर 100 डॉलर, नाही गेला तर 50. मुक्त होणं जमणार नसेल, तर आपल्या मुलांपैकी मालक कोण हे त्यानेच निवडावं. मेख अशी, की 1806 च्या कायद्याने मुक्त झालेल्या गुलामाला बारा महिन्यांत व्हर्जिनिया सोडावं लागे. म्हणजे सुटका हवी तर आयुष्यभराची माणसं सोडा. रॉबिनने मार्शल यांच्या मुलीकडे राहणं पत्करलं. ज्यांनी सबंध देशाला कायद्याचा अर्थ समजावला, त्यांच्याच घरातल्या माणसापुढे कायद्याने एवढंच ठेवलं होतं. आमच्या गटात शाळेतली मुलंही होती, आणि हे सगळं त्यांच्यादेखत. त्या बाईंचं मला अतोनात कौतुक वाटलं.

साहजिकच न्यायमूर्ती रानडे आठवले. विधवाविवाहाचा कैवार घेणाऱ्या माधवरावांनी 1873 मध्ये, एकतिसाव्या वर्षी, वडिलांच्या हट्टापुढे मान तुकवून अकरा वर्षांच्या रमाबाईंशी लग्न केलं. आपण हे लपवलेलं नाही. रमाबाईंनी स्वतः लिहिलंय, मराठी घरांत त्यावर पिढ्यान्‌पिढ्या वाद झालेत. शिवाय त्यांनी रमाबाईंना शिकवलं, आणि पुढे रमाबाईंनीच पुण्यात सेवासदन उभं केलं. माणूस विकत घेणं आणि हे एका तागडीत घालू नये, यावर मी ठाम आहे.

आणि घरं आपण जपलीच नाहीत असंही नाही. फुलेवाडा, केसरीवाडा, राजगृह आहेतच. परक्यांच्या राज्यात आपल्याला आरोपीच्या पिंजऱ्यातली आणि वेशीबाहेर ठेवलेली माणसं जवळची वाटली, न्यायासनावरची कशी वाटावीत? 1908 च्या खटल्यात ज्युरीच्या कौलानंतर टिळक जे बोलले ते मुंबई हायकोर्टात संगमरवरावर कोरलंय. शिक्षा सुनावणारे दावर काय म्हणाले, ते कोणी कोरलं नाही. हा हिशेब मला पटतो.

पण त्या गाईडबाईंची रीत मला आपल्याकडे हवी आहे. उद्या कोणी रानड्यांचं घर लोकांना दाखवायला काढलं, तर हायकोर्टातल्या नेमणुकीच्या आधी 1873 चं ते लग्न सांगावं, आणि तेही शाळेच्या मुलांना.