तीन अंश वाकडं

"हे उडतं का?"

"नाही."

"मग पाण्यात तरंगतं?"

"बहुतेक नाही. फटींतून पाणी शिरेल."

"मग करतं काय?"

शेजारच्या काकूंच्या या प्रश्नाला माझ्याकडे अजून उत्तर नाही. ज्या विमानाची ही प्रतिकृती, ते हवेत उडायचं, पाण्यावर बसायचं आणि मनात आलं तर चाकं खाली सोडून जमिनीवरही उतरायचं. माझं मात्र दादरच्या फ्लॅटमध्ये, शोकेसच्या मधल्या फळीवर, चांदीचा गणपती आणि ह्यांना पंचवीस वर्षांच्या नोकरीबद्दल मिळालेलं घड्याळ यांच्यामध्ये गप उभं असतं.

विमानाचं नाव सुपरमरीन वॉलरस. पहिलं उड्डाण २१ जून १९३३. आर. जे. मिचेल नावाच्या ज्या माणसाने पुढे स्पिटफायर हे दुसऱ्या महायुद्धात गाजलेलं लढाऊ विमान घडवलं, त्यानेच हेही घडवलं, यावर चित्रं शेजारी ठेवली तर विश्वास बसत नाही. स्पिटफायर सुरईसारखं सुबक. हे म्हणजे होडीवर एकावर एक दोन पंख, दोन पंखांच्या मध्ये काड्यांच्या मचाणावर बसवलेलं इंजिन, आणि तेही उलट तोंडाचं, पंखा मागच्या बाजूला. बाळंतपणाला माहेरी निघालेल्या बाईच्या सामानासारखं जिथे जागा मिळाली तिथे काहीतरी अडकवलेलं. मी बघताक्षणी प्रेमात पडले.

किट खरं तर मुलाचा. तो बारा वर्षांचा असताना त्याच्या मामाने परदेशातून आणला होता. पोराने झाकण उघडलं, पंखांमधल्या तारांचं चित्र पाहिलं आणि झाकण लावून टाकलं. खोका माळ्यावर गेला. गेल्या वर्षी घराला रंग काढला तेव्हा खाली आला. फोनवर विचारलं तर पुण्याहून उत्तर, "टाकून दे गं आई." मला कुणी टाकून दे म्हटलं की ती वस्तू माझी होते.

प्रमाण १:७२, म्हणजे एक इंचाला सहा फूट. मूळ विमानाचा पंखविस्तार जवळजवळ १४ मीटर, माझ्याकडे तो एकोणीस सेंटिमीटर. पोळपाटावर आरामात मावतं. बांधलंही मी जुन्या, एक पाय हलणाऱ्या पोळपाटावरच. लागेल तसा फिरवता येतो, आणि फेव्हिक्विक सांडलं तरी कुणी बोलत नाही.

डिसेंबर २०१७ मध्ये गिरगाव चौपाटीसमोर पाण्यावर विमान उतरवून दाखवलं होतं, ते आठवून काकू म्हणाल्या, "तसलंच ना हे?" तसलं नव्हे. ते साधं विमान, पायांत दोन तराफे घातलेलं. हे पोटावरच पाण्यात बसतं. याचं धड म्हणजेच होडी, आत नांगरसुद्धा असायचा. पंखांखाली दोन छोटे तरंडे आहेत, पण ते फक्त एका कुशीवर कलंडू नये म्हणून. हे सगळं मी काकूंना सांगितलं. त्यांनी कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्याचं निमित्त काढलं.

वैमानिकाची खोली बांधताना मात्र मला एक गोष्ट सापडली आणि मी एकटीच हसले. वॉलरसच्या या खोलीत बसायच्या जागा दोन, पण विमान वळवायचा दांडा बहुधा एकच वापरत. जमिनीलगत दोन खोबणी असायच्या. एकाचा हात भरून आला की तो दांडा खोबणीतून उपसून शेजारच्याच्या हातात द्यायचा, शेजारच्याने तो आपल्या खोबणीत बसवायचा. हवेत! आमच्या गाडीत मी चालवायला बसले की ह्यांचा उजवा पाय नसलेल्या ब्रेकवर दाबला जातो. यांच्या हातात स्टिअरिंग उपसून द्यायची सोय असती तर आम्ही लोणावळ्यापर्यंत एका संसारात पोचलो असतो का, शंकाच आहे. मी एकच दांडा केला, सुईच्या नेढ्याचा, आणि दुसऱ्या बाजूला नुसता काळा ठिपका दिला. वर काचेचं झाकण लागल्यावर यातलं काहीही दिसत नाही.

रंग रुपेरी. त्यावर जुनेपणा आणायचा म्हणून मी आधी हौसेने तांबूस गंज रंगवला, कारण मुंबईत समुद्राकाठी जुनं म्हणजे गंजकं. खिडकीचं ग्रिल पाहा, गच्चीवरची टाकी पाहा. मग भांडी घासताना ॲल्युमिनियमच्या कढईकडे लक्ष गेलं. चाळीस वर्षं झाली तिला, गंजाचा पत्ता नाही. खाऱ्या हवेत ॲल्युमिनियमवर पांढुरकी भुकटी येते, तांबडं काही येत नाही. आणि वॉलरसची होडी धातूची, वरचे पंख तर कापडाचे, कापड कुठून गंजणार? सगळं पुसलं. तांबूस ठेवलं ते फक्त इंजिनच्या धुराच्या नळ्यांवर. बाकी पाण्याच्या रेषेशी थोडं हिरवं-करडं. ते बघायला मी एका रविवारी ससून डॉकला गेले. होड्यांच्या कडा न्याहाळत तासभर उभी असलेली बाई पाहून एका कोळणीने विचारलं, "ताई, पापलेट पाहिजे का होडी?" पापलेट घेऊन आले.

आता तारा. ज्यांना पाहून बारा वर्षांच्या पोराने झाकण लावलं त्या.

कापडी पंख एकटा दमदार नसतो. म्हणून दोन पंख एकावर एक, मध्ये खांब, आणि खांबांच्या चौकोनांत तिरक्या तारा, पुलाच्या कैच्यांसारख्या. विमान उडतं तेव्हा हवा पंख वर उचलते. त्यांना खाली धरून ठेवायला एका दिशेच्या तारा. विमान जमिनीवर असतं तेव्हा पंख स्वतःच्या वजनाने खाली येऊ बघतात. त्यांना तोलायला उलट दिशेच्या. दोन्ही लागतात, कारण दोरीला ओढता येतं, ढकलता येत नाही. म्हणजे कुठल्याही क्षणी अर्ध्या तारा राबत असतात आणि अर्ध्या नुसत्या हजर असतात. आमच्या सोसायटीच्या कमिटीची घटनाही हीच.

सात मिलिमीटरची तार ७२ ने भागली की साधारण ०.१ मिलिमीटर येते. त्या जाडीचं घरात काय आहे? मी कंगव्याकडे पाहिलं. माझे पिकलेले केस! रंगवायलाही नकोत, जन्मजात पोलादी. मेच्या शेवटी, पंखा बंद करून, घामाच्या धारा पुसत, मी चिमट्याने चाळीसेक केस ओवले, ताणले, टोकांना टाचणीच्या अणीने फेव्हिक्विकचा थेंब दिला. सतारीसारखं दिसायला लागलं. ह्यांनी फोटो काढून भाचरांना पाठवला, "मामीने स्वतःचे केस वापरून" वगैरे. जरा अंगावर काटा आणणारं वर्णन होतं, पण कौतुकच.

जूनमध्ये पाऊस आला आणि चार दिवसांत विमानाच्या सगळ्या तारा ओल्या साडीने झुकलेल्या वाळणाच्या दोरीसारख्या लोंबल्या.

चूक माझी. केस दमट हवेत लांबतो आणि कोरड्या हवेत आखडतो. सोस्यूर नावाच्या स्विस शास्त्रज्ञाने १७८३ मध्ये याच गुणावर हवेतला दमटपणा मोजायचं यंत्र बसवलं होतं. लांबणं असतं फार तर शेकड्याला दोन-अडीच, पण सहा सेंटिमीटरची ताणलेली तार अर्ध्या मिलिमीटरहून कमी लांबली, तरी मध्ये दोन-तीन मिलिमीटरचा झोळ पडतो. दोन पंखांमध्ये मी नकळत वेधशाळा उभारली होती. ती पंधरा दिवस तशीच ठेवली. उघडीप झाली की तारा थोड्या सावरायच्या, सर आली की पुन्हा मान टाकायच्या. कपडे बाहेर घालायचे की नाही ते मी त्यांच्याकडे बघून ठरवत होते, आणि दोनदा बरोबर ठरलं.

शेवटी आमचा फॉल-पिकोवाला धावून आला. साडीच्या रंगाचा दोरा नसला की तो पारदर्शक नायलॉनचा धागा वापरतो, जवळपास केसाएवढाच बारीक. "काय शिवताय?" म्हणाला. मी "विमान" म्हणाले. त्याने पैसे घेतले नाहीत. पेटती उदबत्ती नायलॉनजवळून, स्पर्श न करता, हळूच नेली की धागा आखडतो आणि ताठ होतो. देवघरातली उदबत्ती संपेपर्यंत दोन तारा होतात. तिसरीच्या वेळी राख पडते. एक संपूर्ण चौकोन मी असा जाळला आणि पुन्हा ओवला.

त्या पुन्हा ओवण्यात चूक राहिली. डाव्या बाजूला, मागच्या खांबाशी, एक तार एका भोकाने चुकली आहे. तिच्या जोडीदारणीला समांतर जायला हवी ती किंचित फाकून जाते. कळलं तेव्हा गोंद वाळला होता. मी ते कुणाला सांगितलं नाही. महिनोन् महिने कुणाच्या लक्षातही आलं नाही.

लक्षात येतं ते इंजिन. घरी जो येतो तो शोकेसपुढे उभा राहतो, मान तिरपी करतो आणि म्हणतो, "इंजिन जरा वाकडं बसलंय का?" बसलंय, कारण ते तसंच असतं. पंख्यातून निघालेला वारा पिळा घेत मागे जातो आणि शेपटीवर एका अंगाने आपटतो. त्याने विमानाचं तोंड फिरू नये म्हणून वॉलरसचं इंजिन तीन अंश उजवीकडे वळवून बसवलेलं असायचं. मी ते आधी सरळ चिकटवलं होतं. माझ्याही डोळ्यांना सरळच हवं होतं. मग वाचलं, उचकटलं, आणि मुलाच्या कंपासपेटीतला कोनमापक लावून वाकडं केलं. पाच सेंटिमीटरमागे अडीच मिलिमीटर. सगळ्या विमानात इतकं काटेकोर दुसरं काही नाही.

परवा ह्यांचे ऑफिसातले जुने मित्र आले होते. शोकेससमोर गेले, मान तिरपी झाली. मी पोह्यांवर खोबरं पेरत होते, ते हातातच राहिलं. पण आमचे हे माझ्या आधी उठले.

"इंजिन ना? ते मुद्दाम आहे. तीन अंश. इंग्रजांनी तसंच बनवलंय." आणि वारा, पिळा, शेपूट, सगळं हाताने करून दाखवलं. पिळा उलट दिशेने दाखवला, पण दाखवला.

मित्रांनी मान डोलावली. मग चष्मा कपाळावर सरकवून आणखी जवळ वाकले. डाव्या बाजूला.

"आणि ही तार? ही जरा फाकलीय."

"तीही मुद्दाम," हे म्हणाले.

मी चहा बघायला आत गेले.